पाच पारे आणि जामसरचा रस्ता

गेल्या रविवारी जव्हारला घरी बसल्या बसल्या माझे पाच पारे दोनवर आले.

सांगते. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी कुराण पाठ करायला घेतलंय. कुराणाचे तीस भाग असतात, त्यांना आम्ही पारे म्हणतो. बहुतेक जण हे लहानपणीच करतात, तेव्हा डोकं कोरं असतं... माझ्या डोक्यात आधीच पोषण आहाराची माहिती, सतरा पासवर्ड आणि दोन वर्गांची हजेरी.

मी जामसरकडच्या एका शाळेत शिकवते. रोज काशिनाथच्या जीपने जाते.

लेकीने मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलंय. पान पाठ झालं की बोट लावायचं, पान हिरवं होतं. अख्खा पारा झाला की स्क्रीनभर चांदण्या उडतात. या वयात आपल्यासाठी कोण चांदण्या उडवतं... मला ते फार आवडायचं.

पण खरं सांगायचं तर माझा भरवसा ॲपपेक्षा रस्त्यावर जास्त होता. नवं पान पहाटे घरी पाठ करायचं आणि लगेच फोनवर आपांना, माझ्या जुन्या शिक्षिकेला, ऐकवायचं. जुन्याची उजळणी मात्र जीपमध्ये. स्टँडवरून गाडी निघाली की पारा सुरू, पुलावर अर्धा, शाळेच्या फाट्याला पूर्ण. पुलाच्या आधीच अर्धा झाला तर स्वारी खूश, मागे पडला तर दिवसभर चुटपुट.

काशिनाथला हे सगळं ठाऊक. मी काय पुटपुटते ते त्याने पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं. एकदा आरशातून बघत म्हणाला, "बाई, पूल तं गेला, तुमचा झाला नाय अजून?" आणि चक्क गाडी हळू केली. मागचे लोक ओरडले, पण त्याने ऐकलं नाही.

आपा म्हणजे भिवंडीच्या, मला लहानपणी अलिफ-बे, म्हणजे अरबी मुळाक्षरं, शिकवलेल्या. आता सत्तरी ओलांडली आहे, पण शिस्त तीच. त्यांचा नियम असा की पाच पारे झाले की ते एका बैठकीत ऐकवायचे. नीट गेले तरच सहावा सुरू.

तर रविवारी दुपारची जोहरची नमाज झाल्यावर व्हिडिओ कॉल लावला. फोन उशीला टेकवला. समोर आमचं लोखंडी कपाट.

पहिले दोन पारे सरळ गेले. ते जीपमधली उजळणी सुरू होण्याआधीचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरीच बसून पाठ केलेले. तिसऱ्याचं पहिलं पान झालं आणि पुढे काही नाही... म्हणजे अगदी काहीच नाही.

आपा लगेच शब्द देत नाहीत, वाट बघतात. बऱ्याच वेळाने एक शब्द दिला. मी दोन ओळी पुढे गेले आणि पुन्हा ठप्प.

घाबरून डोळे मिटले, तर डोळ्यांपुढे रस्ता आला... सागाची झाडं, मग वळण, वळणावरची मोडकी शेड. वळणाबरोबर आयत, म्हणजे कुराणातली ओळ, आली, तिच्यामागून पुढची आली. हायसं वाटून डोळे उघडले, कपाट दिसलं, आयत गेली.

असं तीन-चारदा झालं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या खुणांवर मी माझी प्रगती मोजत होते, त्याच खुणा मला पुढचं सांगत होत्या. वर्गात एखादं पोर असं करताना सापडलं असतं तर मी त्याला कॉपी करतोस म्हटलं असतं.

आपांना सगळं सांगितलं. त्या खोकला येईपर्यंत हसल्या. मी म्हटलं, "आपा, हे तीन पारे मी उद्या जीपमधून ऐकवते ना. एकही चूक होणार नाही." खरंच म्हटलं मी असं...

आपा हसायच्या थांबल्या. "बेटा, आख़िर में जहाँ जाना है, वहाँ काशिनाथ की जीप नहीं जाती."

कबरीत दुसरं काही सोबत येत नाही, पाठ केलेलं येतं, अशी आमची श्रद्धा. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी त्या क्षणी रडू आलं. दोन वर्षं पहाटे उठत होते मी.

कॉल चालू असतानाच ॲप उघडलं आणि तिसऱ्या पाऱ्यापासून एकेक पान पांढरं करत गेले. ॲप दर वेळी विचारत होतं, नक्की का? हो बाबा, नक्की.

मला वाटलं आता आपा फोन ठेवतील. त्यांनी चष्मा पुसला आणि तिसरा पारा पहिल्या ओळीपासून घ्यायला सांगितला, डोळे उघडे ठेवून. उतरत्या उन्हातली असरची अजान होईपर्यंत त्या बसून होत्या. मी जितक्या वेळा अडले, तितक्या वेळा तशाच गप्प राहून वाट बघितली त्यांनी.

शेवटी कपाटाकडे बघत दोन पानं धड झाली. अजून हिरवी केलेली नाहीत. घाई नाही आता.

उरलेल्या पाऱ्यांना किती वर्षं लागतील कुणास ठाऊक... पण कुणीतरी आपलं चुकणं ऐकायला आपली अख्खी दुपार देतं, हे काय कमी आहे? तिसावा पारा ऐकायला आपाच असाव्यात. हल्ली दुआला हात उचलले की सगळ्यात आधी हेच तोंडात येतं.