गॉज कमी पडलाय

बहात्तरच्या दुष्काळात मी सोलापूरच्या एका दवाखान्यात नवीन नर्स होते. राउंडला येणारे मोठे डॉक्टर पेशंटांसमोर आम्हाला वाटेल ते बोलायचे. एकदा केसपेपर सापडेना म्हणून माझ्यावर ओरडले, "डोळे फुटले का तुझे?" केसपेपर त्यांच्याच काखेत होता!

तेवढ्यात वॉर्डातल्या आयामावशी म्हणाल्या, "सिस्टर, जखमांवरचा गॉज लई कमी पडलाय की. घड्या घालायला चला."

आतल्या खोलीत बघते तर कपाट घड्यांनी ठासून भरलेलं. मावशींनी दार लोटलं आणि माझ्या हातात घड्या घालायला कापड दिलं. "आता रडा पोटभर. हितं समद्याच रडून गेल्यात."

त्या डॉक्टरांची बदली होईपर्यंत आमच्या वॉर्डात गॉज खरोखर एकदाही कमी पडला नाही.