पडद्यातला हात

“पोरीनं जे मागितलं तेच दिलं! यात माझं काय चुकलं, सांग!”

“काय मागितलं होतं तिनं?”

“डॉक्टरीण व्हायचंय म्हणाली. करून राहिलो तिला डॉक्टरीण!”

“वकीलसाब, तिला सोता डॉक्टर व्हायचं हाय. डॉक्टराची बायको न्हाई!”

“मग डॉक्टरीण म्हंजे दुसरं काय असतं?”

लातूरच्या त्या ओसरीवर सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण अख्ख्या लातुरात तेव्हा डॉक्टरीण म्हणजे डॉक्टराची बायको. बाई स्वतः डॉक्टर असू शकते हे कुणाच्या डोक्यातच नाही, तर तोंडात शब्द कुठून येणार?

भांडण माझं आणि कुसुमच्या वडलांचं. ते लातूरचे नावाजलेले वकील, मी नांदेडच्या जनाना दवाखान्यातली आया. त्यांनी मला बस म्हटलं नव्हतं, म्हणून मी उभ्यानंच भांडत होते. भांडण उभ्यानंच चांगलं होतं!

ते कसं मिटलं ते शेवटी सांगते. दवाखान्यात जन्म काढला की किस्से साठत जातात, रिकाम्या बाटल्यांच्या बुचांसारखे. कामाला येत नाहीत आणि फेकवत नाहीत. लोक ऐकून हसतात. हसा. पण कुसुम कॉलेजच्या पहिल्या वर्षापुढं गेली नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. उगाच आशा लावून बसू नका.

* * *

आधी माझ्या शिक्षणाचं सांगते. मी नायगावकडची. नवरा मेला आणि दवाखान्यात लागले. अक्षराची ओळख नाही. एकदा एका म्हातारीला चोळायचं औषध प्यायला दिलं! म्हातारी वाचली, पण तिची ती तडफड बघून मला दोन दिवस अन्न गेलं नाही.

इकडं तेव्हा हैदराबादचं राज्य, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सगळ्या उर्दूत. मग पिण्याची बाटली आणि लावण्याची बाटली शेजारी-शेजारी ठेवून मी बघत बसायची. कुठं टिंब आहे, कुठं शेपूट वळलंय. महिन्याभरात दोन्ही चिठ्ठ्या डोळ्यांत बसल्या.

आमच्या डॉक्टर हैदराबादच्या, त्यांना आम्ही बाईसाहेब म्हणायचो. त्यांनी मला बाटलीशी पुटपुटताना पकडलं.

“कहाँ तक पढ़े तुम, भागाबाई?”

मी म्हटलं, “दोन बाटल्यांपर्यंत!”

पुढं अख्खं कपाट वाचलं. मग मराठी, मग थोडं इंग्रजी. कुणी शिकवलं नाही मला. उपकार असतील तर बाटल्यांचे.

* * *

कुसुम पहिल्यांदा आली तेव्हा शाळेत होती. नांदेडला मामाकडं शिकायला ठेवलेली. शाळा सुटली की दवाखान्यात येऊन माझ्यासोबत पट्ट्या गुंडाळायची. बोलणं नाही, हसणं नाही. वर्षभरानं एके दिवशी पट्टी गुंडाळता गुंडाळता आपणहून सांगायला लागली.

तिची थोरली बहीण शांता मुरुडला दिलेली. बाळंतपण झालं आणि तापानं फणफणली. लातूरहून डॉक्टर बोलावला. आता बाळंतिणीसमोर परका पुरुष कसा येणार? मधे चादर धरली. डॉक्टर म्हणाला, नुसता हात बाहेर द्या. शांताच्या सासूला तेही पटेना. परक्यानं सुनेचा हात धरायचा? तिनं चादरीतून स्वतःचाच हात बाहेर काढला!

डॉक्टरांनी नाडी धरली. डोळे मिटले. म्हणाले, “वा! नाडी एकदम तगडी हाय. फिकीर करू नका.”

तिसऱ्या दिवशी शांता गेली.

बहिणीच्या मदतीला गेलेल्या कुसुमच्या हातात चादरीचं एक टोक होतं. सासूनं तिच्याकडं डोळे वटारले आणि ती गप राहिली. तेरा वर्षांची पोर ती!

“भागामावशी,” मला म्हणाली, “फक्त एक वाक्य बोलायचं होतं मला. एकच.”

पट्टी तिनं इतकी आवळून गुंडाळली होती की मला परत सोडून गुंडाळावी लागली.

* * *

मॅट्रिक झाली. मामानं हट्ट धरला, आणि शिकलेल्या पोरीला स्थळ चांगलं मिळतं म्हणून वकीलसाबही कबूल झाले. हैदराबादेला कॉलेज! पहिलं वर्ष, सायन्स. त्यापुढं एक वर्ष काढलं की मेडिकलचं दार.

वर्गात मुलींच्या पुढं बांबूच्या कामट्यांचा पडदा. हजेरीला मुलींनी आवाज द्यायचा नाही, बांगड्या वाजवायच्या! त्यात एक बेरकी पोरगी गैरहजर मैत्रिणींच्याही बांगड्या वाजवायची. एक दिवस प्रोफेसर वैतागले.

“पर्दे के पीछे लड़कियाँ हैं या चूड़ियों की दुकान?”

सगळा वर्ग हसला. कुसुमचं नाव आलं. तिनं बांगड्या गच्च धरल्या आणि पडद्याआडून खणखणीत ओरडली, “हाजिर, जनाब!”

प्रोफेसरांनी हजेरी मांडली आणि पुढचं नाव घेतलं!

सुट्टीत नांदेडला उतरली तर टांग्यातूनच मला हाका मारत होती. “मावशी, आवाज निघाला माझा! निघाला!”

* * *

कॉलेजातलं सगळं उर्दूत. आता आपल्याकडं जिगर म्हणजे काळीज, हिंमत. त्यांच्या पुस्तकात जिगर म्हणजे यकृत. परीक्षेत माणसाची आकृती काढायला सांगितली, तर आमच्या कुसुमनं डाव्या छातीत जिगर काढून ठेवलं! पेपरावर तांबड्या शाईनं शेरा आला, “मोहतरमा, आपका जिगर ग़लत जगह पर है!”

वॉर्डात हा किस्सा लई चालला. बाळंतिणी टाके दुखतात म्हणून पोट धरून हसायच्या. बाईसाहेबसुद्धा चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मग चष्मा घालून म्हणाल्या, “ग़लत क्या, भागाबाई. इसके जिगर के लिए यहाँ जगह ही कहाँ है?”



* * *

वर्ष संपत आलं तेव्हा तिनं वडलांना पत्र टाकलं. “मला डॉक्टरीण व्हायचे आहे. आपली परवानगी असावी.”

वकीलसाबांचं उलट टपाली उत्तर! “परवानगी आहे. मीही त्याच खटपटीत आहे. सुट्टी लागताच निघून ये.”

ते पत्र घेऊन ती आधी नांदेडला आली. मी वॉर्डभर गूळ वाटला. बाईसाहेबांनी आपली जुनी, छाती तपासायची नळी तिच्या गळ्यात घातली. पोरगी ती नळी घालूनच लातूरला गेली. वाटेत तीन बायकांची छाती तपासली म्हणे!

पंधरा दिवसांनी तिची चिठ्ठी आली. “मावशी, डॉक्टर ठरला आहे. बिजवर आहे. तोच.”

तोच. मुरुडला नाडी बघायला आलेला. मला अख्खं कपाट वाचता येत होतं, पण तो एक शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. लागत नव्हता.

दवाखान्यात रजा मागितली नाही. निघाले.

* * *

तर, ती ओसरी.

मधल्या खुर्चीवर डॉक्टर बसलेले. कोट, टोपी, मांडीवर बॅग. माणूस वाईट नव्हता, तेच तर वाईट होतं. आतल्या दाराला पडदा. पडद्यामागं कुसुम.

वकीलसाब गरजले, “अगं, दिवस कसले हायत! रोज कुठं ना कुठं जाळपोळ, लुटालूट. जवान पोरीला एकटीला रेल्वेत बसवू? काही झालं तर तू येशील निस्तरायला?”

खरं सांगते, यात त्यांचं खोटं नव्हतं. दिवस तसेच होते.

“आणि डॉक्टर तिला दवाखान्यात शेजारी बसवणार हायत. पुड्या बांधंल, बायकांशी बोलंल. अजून काय पायजे?”

“पुड्या बांधायला सायन्स लागतं का हो?”

“एका आयानं मला शिकवावं!”

“आयाच शिकवती सगळ्यांला, वकीलसाब. तुम्हाला पण कुण्या बाईनंच उलटं धरून रडायला शिकवलं असंल!”

डॉक्टर हळूच हसले. आवाज कसा मऊ, औषध पाजावं तसा. “बाई, तुम्ही नाहक तापून राहिलात. माझ्यावर भरवसा ठेवा. मला माणूस समजायला नाडी पुरते. इतकी वर्षं झाली, माझी नाडी कधी चुकली नाही.”

“ऐकलंस?” वकीलसाब म्हणाले.

लगेच पुढचं सांगून टाकते, कारण यानंतर सांगण्यासारखं काही उरत नाही. कुसुम डॉक्टर झाली नाही. डॉक्टरीणही झाली नाही. दुसरं स्थळ त्या दाराशी आलं नाही आणि हैदराबादची गाडी कुणी तिला पुन्हा दाखवली नाही. त्याच घरात लोणच्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावत म्हातारी झाली. चिठ्ठ्या उर्दूत लिहायची. वकीलसाबांच्या माघारी घरात दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून!

पण त्या दिवशी मी तोंड उघडलं होतं. मुरुडचं सगळं तिथंच ओकणार होते. तेवढ्यात आत बांगड्या वाजल्या. पडदा बाजूला झाला. कुसुम सगळ्यांच्या देखत ओसरीवर आली, गळ्यात बाईसाहेबांची नळी. वकीलसाब “आत जा!” म्हणून ओरडले, तरी ती सरळ खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली. डॉक्टरांच्या नाकासमोर मनगट धरलं आणि म्हणाली,

“बघा डॉक्टर, ह्या खेपेला हात सासूचा नाही.”