भाऊंचा उपवास

डब्याच्या झाकणावर बोटाने टकटक करायची आणि म्हणायचं, "उघडा राव, नुसतं बघू तर द्या." नुसतं बघून असा माणूस कधी परत गेल्याचं कोणाला आठवत नाही. असा एखादा तुमच्याही कंपनीत असेलच. चाकणला, पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या आमच्या प्रेस शॉपमध्ये ही जबाबदारी भाऊंकडे होती.

भाऊ मेंटेनन्सचे फिटर. मूळचे बीडकडचे, राहायला चिखलीत. कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी बसणारा अर्धा सीटवर आणि अर्धा अधांतरी असायचा. तो बहुधा मीच असायचो.

आमच्याकडे कोणी गाडी घेतली, कोणाला पोर झालं की डिपार्टमेंटभर पेढे वाटतात. दुसऱ्याच्या सुखाचा वास भाऊंना आधी लागायचा. "एवढ्यानं काय होतंय?" म्हणत ते दुसरा पेढा उचलायचे.

एका सकाळी मात्र बसमध्ये त्यांनी कोणाच्या डब्याकडे पाहिलंही नाही. धाकट्या बहिणीचं लिव्हर निकामी झालं होतं. कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला हवा होता, आणि घरात फक्त भाऊंचं जुळत होतं. पण तपासणीत त्यांच्याच लिव्हरवर चरबी निघाली. वजन उतरलं तरच घेऊ, आणि फार थांबता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"माझ्या पोटापायी तिचं अडलंय," भाऊ म्हणाले. त्यांना असं रडवेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

लगेच त्यांनी उपवास धरले. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. डब्यात साबुदाण्याची खिचडी, कूट सढळ हाताने, सोबत बटाट्याचा कीस आणि साखर घातलेलं दही. आम्ही सगळे हळहळायचो, बिचारा बहिणीसाठी उपाशी राहतोय म्हणून. आमच्यापैकी एकालाही शंका आली नाही. उपवासावर कोण शंका घेणार?

पुढच्या तपासणीला वजन वाढलेलं निघालं. उपवासाला काय खाता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर भाऊंनी अभिमानाने सगळं सांगितलं. डॉक्टर आधी हसले, मग गंभीर झाले आणि त्यांनी भाऊंना आहाराच्या बाईंकडे पाठवलं. त्या बाई म्हणाल्या, महिनाभर निभेल असं नको, जन्मभर खाता येईल असं ताट मांडा.

मग ज्वारीची भाकरी आली, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक. भात मूठभर. उपवास सुटले आणि भाऊ संध्याकाळी दोन स्टॉप आधी उतरून घरी चालत जाऊ लागले.

अडचण पेढ्यांची होती. नाही म्हटलं तर देणाऱ्याचं मन मोडतं. भाऊंनी तोड काढली. ते पेढ्याचा कण मोडून घ्यायचे आणि उरलेला देणाऱ्याच्याच तोंडात भरवायचे. बघता बघता आमच्या जेवणाच्या टेबलावरून फरसाणाची पुडीही गेली. कोणी काकडी आणायचं, कोणी उकडलेली अंडी. असं ठरवलं कोणीच नव्हतं, पण भाऊंसमोर वडापाव खायला जीव धजायचा नाही. भाऊ मात्र अजूनही झाकणं वाजवायचे, आता मोडाच्या मुगासाठी.

बसमध्ये मला पूर्ण सीट मिळू लागली, तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले. पुढच्या तपासणीत भाऊ पास झाले. ऑपरेशनच्या दिवशी प्रेस शॉपमध्ये कोणाचं कामात लक्ष नव्हतं. दोघंही सुखरूप आहेत असा फोन आला आणि आमचा सुपरवायझर, जो कधी कोणाशी धड बोलत नाही, तो भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिला.

बरे झाल्यावर कंपनीने भाऊंना दुसऱ्या प्लांटला, स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं. बसमधली सोबत संपली. मला त्यांची फार आठवण येते.

भाऊबीजेला त्यांनी मला घरी बोलावलं. बहिणीच्या चेहऱ्यावर आता तजेला होता. तिने ओवाळलं, ताट पुढे केलं. भाऊंनी एक लाडू खाल्ला, चवीने, डोळे मिटून. मग हात दुसऱ्याकडे गेला.

बहिणीने ताट आपल्याकडे ओढलं. "दादा, निम्मं मला दिलंयस. राहिलेलं तरी नीट ठेव."

भाऊंनी हात मागे घेतला आणि शेजारच्या ताटलीतली काकडीची फोड उचलली.