अंबाडीचं पथ्य

आईच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हापासून तिच्या ताटावर माझा पहारा असतो. डायलिसिसला मीच नेतो आणि मधल्या दिवसांत काय खायचं नाही, ते मीच सांगतो. बटाटा चिरून भिजत घालायचा, उकळायचा, पाणी फेकायचं, मग फोडणी. पालेभाजी जवळजवळ नाहीच. अंबाडी तर अजिबात नाही.

आई अंबाडीवरच वाढली. तिच्या माहेरी, वर्धेकडच्या खेड्यात, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, कडेने ती असायचीच. कोवळ्या पानांची कण्या घालून भाजी, वर लसणाचं तेल. उन्हाळ्यात लाल बोंडांचं सरबत, पित्तावर आणि ऊन लागल्यावर. ताप उतरला की तोंडाला चव यावी म्हणून आम्हाला पहिला घास अंबाडीचाच मिळे. ती भाजी की औषध, असा प्रश्न तिला कधी पडला नाही.

"जे खाऊन जगलो, तेच आता जहर कसं झालं, बाबू?"

मी तिला रक्तातल्या पोटॅशियमचं सांगतो. ती ऐकून घेते.

"तुह्या भाजीतलं सारं पाण्यात गेलं. त्यापरीस मले ते पाणीच दे."

पाणीही मी मोजूनच देतो. दोघांनाही ते एकदमच आठवतं आणि आम्ही थोडं हसतो.

शेजारच्या फ्लॅटमध्ये एक तेलुगू कुटुंब राहतं. अंबाडीला ते गोंगुरा म्हणतात. त्या बाई लसूण आणि लाल मिरच्या घालून तिचं लोणचं करतात. आजारातून उठलेल्या, अन्न नकोसं झालेल्या माणसाला त्यांच्याकडे ते गरम भातासोबत देतात. एका शनिवारी आई झोपलेली असताना त्या स्टीलची वाटी घेऊन आल्या.

"अम्मा काहीच खात नाही म्हणता ना, भैया. हे द्या. दोन घास तरी जातील."

त्यांना मला नाही म्हणता आलं नाही, आणि आईला दाखवायचं धैर्य झालं नाही. वाटी फ्रीजमध्ये मागे सरकवली. सोमवारी ते लोणचं ऑफिसात नेलं.

"काहून गा, तुह्या मायनं माहेर बदललं काय? हे तं आंध्राकडचं लोणचं!" बोटं चाटत एक जण म्हणाला.

मीही खाल्लं. चव आईच्या भाजीच्या फार जवळची होती. संध्याकाळी वाटी घासून परत दिली आणि आईला फार आवडलं, असं सांगून आलो.

पुढच्या रविवारी त्या बाई आईला भेटायला आल्या. मी स्वयंपाकघरात बटाट्याचं पाणी ओतत होतो.

"अम्मा, अजून आणू का गोंगुरा? भैया बोलले, तुम्हाला आवडला."

पातेलं हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

"आवडला ना," आई म्हणाली. "लसूण चांगला होता. पण आता नोको आणू वं. मले पथ्य आहे."

लसणाचं मी तिला सांगितलं नव्हतं. फ्रीज उघडला की वास येत असणार. दोन दिवस तो वास घेत ती गप्प राहिली होती.

बाई गेल्या. आई रागावली नाही. एवढंच विचारलं, "वाटी रिकामी तं नाही देल्ली ना?"

शेजाऱ्याचं भांडं आमच्या घरातून कधी रिकामं गेलेलं नाही. काहीच नसलं तर आई चिमूटभर साखर घालायची.

"रिकामीच दिली," मी म्हणालो.

ती भिंतीला धरून उठली. माझा हात तिने घेतला नाही. फळीच्या मागच्या बाजूने एक पत्र्याचा डबा काढून तिने माझ्यासमोर ठेवला. आत वाळलेली अंबाडीची बोंडं होती. घरातली अंबाडी मी केव्हाच काढून टाकली, असं मला वाटत होतं.

"आपल्या वाटीत भर अन् देऊन ये. म्हणावं, सरबत करा."

मी दिवसभर ऑफिसात असतो. घरात ती एकटी असते. तरीही डबा काठोकाठ भरलेला होता.