दहापैकी सहा मिळाले तरच

आमच्या घरात काहीही तोंडी मागायची सोय नव्हती. वडील मास्तर. सहलीला जायचंय? लेखी दे. सायकल पाहिजे? लेखी दे. आप्पा तो कागद लाल पेनानं तपासायचे आणि दहापैकी सहा मिळाले तरच मंजुरी. सायकलीच्या कागदाला मला साडेपाच पडले. तो अर्धा मार्क मी त्यांना अजून माफ केलेला नाही.

पुढं मीही त्याच धंद्यात पडले. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी निबंध शिकवते. युक्तिवाद करायचा तर समोरच्याचीही बाजू मांडायची आणि पुराव्यानं खोडायची. मन वळवायचं तर पुरावा थोडा कमी पडला तरी चालतो, माणूस विरघळला पाहिजे. पोरं हे वहीत उतरवून घेतात आणि घरी जाऊन नव्या मोबाइलसाठी आईपुढं गळा काढतात. म्हणजे दुसरा प्रकार त्यांना आधीपासूनच येतो.

निवृत्तीनंतर आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. पण ऑपरेशन नको म्हणजे नको. "मला सगळं दिसतंय की!" रोज संध्याकाळी स्कूटर काढायची आणि गवळी म्हशी आणून समोरच धार काढून देतात त्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जायचं, डोळ्यांनी नव्हे, सवयीनं. एक दिवस गवळ्याचाच फोन आला. "ताई, गुरुजींनी आज गाडी म्हशीच्या अंगावर घातली बघा. म्हस शानी, सरकली. पोरगं असतं तर मेलं असतं की."

घरी येऊन तोंड उघडलं, तर म्हणाले, "लेखी दे."

दिलं! पहिला कागद युक्तिवादाचा. डॉक्टरांचा रिपोर्ट, म्हशीची साक्ष, आप्पांचे आक्षेप आणि त्यांची उत्तरं. शेरा आला : 'मुद्देसूद. पण पटत नाही. पाच.' मग लाजलज्जा गुंडाळून दुसरा लिहिला. आई गेल्यावर मला तुम्हीच, नातीच्या लग्नात अक्षता टाकायच्यात ना, वगैरे वगैरे. लिहिताना मलाच हुंदका आला, काय सांगू! शेरा : 'भावना फार, मुद्दे नाहीत. चार.' माझं डोकंच फिरलं. म्हातारा ऐकेल तर शपथ!

दोन्ही कागद मी क्लासला नेले. इतके चांगले नमुने फुकट कुठं मिळणार? फळ्यापाशी उभी राहून पहिला वाचायला घेतला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. रागाच्या भरात मी फक्त मार्क बघितले होते. आप्पांच्या लाल रेघा एकाही शब्दाखाली नव्हत्या. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत होत्या, समासात होत्या, एक तर कागद सोडून बाहेर गेली होती. जन्मभर तेच दोन शेरे मारलेल्या माणसाला ते लिहायला वाचावं थोडंच लागतं? त्यांनी माझं एक अक्षर वाचलेलं नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांच्या हातात तिसरा कागद ठेवला. पूर्ण कोरा. क्लासच्या नोट्समध्ये हा प्रकार नाही. मला स्वतःची लाज वाटत होती, तरी ठेवला.

आप्पा तो घेऊन खिडकीपाशी बसले. मान डावीकडून उजवीकडं, वरून खाली, अगदी सावकाश फिरली. दोन रेघा ओढल्या. मग म्हणाले, "आता कुठं जमाय लागलंय. साडेपाच."

मी काहीच बोलले नाही. एरवी अर्ध्या मार्कावरून मी घर डोक्यावर घेते, हे त्यांना पक्कं ठाऊक. थोडा वेळ त्यांनी वाट बघितली. मग कागदावरून तळवा फिरवला.

"कोरा हाय व्हय?"

"व्हय, आप्पा."

त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार.

"सहा कर," ते म्हणाले आणि लाल पेन पुढं धरलं, मी बसले होते त्याच्या जरा बाजूला. "तूच कर. कुठं लिहायचं ते मला दिसत न्हाय."