मंजुरी देणारा साहेबराव

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. प्रोग्राम चुकला तर चूक माणसाची, एवढंच मी मानत आलो. तरीही हे लिहितोय... बायको सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

साल २००४. नारायणगावजवळच्या एका खाजगी डेअरीत मी प्रोग्रामर. फॉक्सप्रो या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतली सगळी सिस्टिम आम्ही दोघांनी लिहिलेली — मी आणि बेल्ह्याचा साहेबराव. त्याचा नियम होता, डिलीट करायचं तर दोघांनी स्क्रीन बघायची. माझं बोट की-बोर्डवर गेलं की मागून हटकायचा, "राव, आधी वर बघ की!" जाम राग यायचा मला. त्या वर्षी तो हार्ट अटॅकने गेला, आणि पाठोपाठ डेअरीत नवीन ईआरपी आलं, म्हणजे सगळा कारभार एकत्र चालवणारं तयार सॉफ्टवेअर.

इतक्या वर्षांचा अनुभव, आणि मी पहिलीतल्या पोरासारखा बटणं शोधत होतो! मॅनेजर स्पष्टच म्हणाले, "जमलं नाय तर पुण्याहून माणूस आणावा लागंल, भाऊ." मुली शिकत होत्या. मी खरंच घाबरलो होतो.

नव्या सिस्टिममध्ये एकाने काम टाकायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. शिकण्यासाठी दिलेल्या सरावाच्या सर्व्हरवर मी एकटाच, म्हणून मंजुरीसाठी साहेबरावच्या नावाचा युजर केला. त्याच्या नावाने मीच लॉगिन करायचो. तेवढीच सोबत...

एके दुपारी सरावाची खोटी खाती पुसायला घेतली. डिलीटची विनंती पाठवून चहाला गेलो. आलो तर ती नामंजूर होऊन परत आलेली! खाली साहेबरावचं नाव, आणि इंग्रजी अक्षरांत शेरा — "राव, आधी वर बघ की."

स्क्रीनच्या वर बघितलं. सर्व्हरचं नाव सरावाचं नव्हतं, खऱ्या कामाचं होतं. दोन्ही विंडो दिसायला सारख्याच. दूध घालणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांची खाती मी पुसायला निघालो होतो! तिथल्या विनंत्या मॅनेजरकडे जायच्या, आणि ते न वाचताच मंजूर करायचे.

ईआरपी कंपनीच्या इंजिनिअरने तपासलं. "सर, या सर्व्हरवर हा युजरच नाहीये. मस्करी करताय का?"

पुढे मी शिकलो. नोकरी टिकली. सरावाचा सर्व्हर आवरताना इंजिनिअरने साहेबरावचं लॉगिन बंद केलं आणि मला म्हणाला, आता हा युजर काढून टाका. मी विनंती टाकली. सेटिंग जुनंच, त्यामुळे ती मंजुरीला गेली साहेबरावकडेच.

मी बघत असतानाच मंजूर झाली. शेरा होता — "आता जमतंय की तुला."

मी ऑफिसातच रडलो. हे कसं झालं, आजही सांगता येत नाही. पण काही डिलीट करायचं असलं की मी अजून आधी वर बघतो... आणि मग एकदा मागे.