घरी ठेवलेला पाय

एकाहत्तरच्या लढाईत पाय गेलेला तो हवालदार दर सहा महिन्यांनी देवळाली कॅम्पहून नाशिकला, आमच्या कचेरीत यायचा. माजी सैनिकांच्या मदतीचे अर्ज माझ्याच टेबलावर असत. डाव्या पायाची पँट दुमडून पिन लावलेली. एक कुबडी टेबलाला टेकवून तो आधी कडक सलाम ठोकायचा, मगच खुर्चीवर बसायचा.

एका रविवारी तो मला कॅम्पच्या बाजारात दिसला. दोन्ही पायांत बूट, हातात मेथीची पिशवी, चालणं जवळजवळ सरळ. माझं डोकंच सणकलं. इतकी वर्षं हा आपल्याला बनवतोय!

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा कुबड्यांवर आला. मी खुर्ची दिली नाही.

"हवालदार, बाजारात तर चांगले चालत होता!"

"नकली पाय हाय तो साहेब. पुण्याला बसवला. इकडं येताना घरी ठिवतो."

"का?"

"एकदा घालून आलतो. तुमच्या आधीच्या साहेबांनी लिवलं, चालता येतं. मदत बंद झाली."

मी मान डोलावली, पण नजर त्या पिनेवरच होती. त्यानं ती ओळखली.

"खुशाल चाचपून बघा," तो शांतपणे म्हणाला.

आणि मी उठलोसुद्धा.